शोधयंत्रास पान कसें समजतें

जुन्या पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस एक गोष्ट ठाऊक असेल. पोथीचीं पानें शिवलेलीं नसतात. तीं सुटीं असून दोन फळ्यांमध्यें ठेवून वर फडकें बांधलेलें असतें. हीं पानें केव्हां विसकटतील याचा नेम नसल्यामुळें लेखनिक पानाच्या समासांत ग्रंथाचें आंखूड नांव व पानाचा अंक घालीत असे, आणि अध्यायाच्या शेवटीं ग्रंथाचें, अध्यायाचें व कित्येकदां कर्त्याचेंहि नांव पुन्हां लिहीत असे. त्यामुळें एखादें पान एकटेंच सांपडलें तरी तें कोणत्या ग्रंथाचें हें जाणत्यास तत्काळ कळे. इंटरनेटवरील संकेतस्थळ ही अशीच सुट्या पानांची पोथी होय. तेथें वाचक दारांतून आंत येऊन क्रमानें पानें उलटीत नाहीं. गूगलसारख्या शोधयंत्रानें ज्या पानाकडे बोट दाखविलें त्याच पानावर तो एकदम उतरतो. म्हणून प्रत्येक पानानें आपली ओळख स्वतःच सांगितली पाहिजे. पान शोधयंत्राच्या यादींत वर यावें यासाठीं पानाच्या आंत जी व्यवस्था करावयाची, तिला या धंद्यांतील लोक ‘ऑन-पेज एसईओ’ असें म्हणतात. नांव भारदस्त आहे. पण त्यांतील पुष्कळसा भाग त्या लेखनिकास समजला असता.

समजा, देवगडच्या एका आंबा-बागायतदारानें आपला हापूस दलालाच्या हातीं न देतां थेट गिऱ्हाइकास विकावा या हेतूनें एक संकेतस्थळ करवून घेतलें. चित्रें सुरेख घातलीं. पहिल्या पानाचें शीर्षक ‘मुख्यपृष्ठ’, दुसऱ्याचें ‘आमच्याविषयी’, तिसऱ्याचें ‘उत्पादने’. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘गुणवत्ता हेच आमचे ब्रीद’ असें वाक्य. देवगड, हापूस, पेटी, डझन, भाव हे शब्द आहेत. पण ते सारे एका रंगीत चित्राच्या पोटांत आहेत. इकडे दादरचा एक गृहस्थ शोधयंत्रास विचारतो, ‘देवगड हापूस पेटी घरपोच’. आणि पुण्यांतील एक गृहिणी विचारते, ‘कच्चा हापूस घरी कसा पिकवावा’. दोघांसहि ह्या बागायतदाराचें पान दिसत नाहीं. ज्यानें हापुसाचें कलम जन्मांत पाहिलें नाहीं अशा एखाद्या व्यापाऱ्याचें पान मात्र पहिल्या पांचांत असतें. फळ चांगलें असूनहि तें वाशीच्या बाजारांत दलाल सांगेल त्या भावानें जातें. ह्यांत शोधयंत्रानें अन्याय केला असें म्हणतां येत नाहीं. त्याला तें पान वाचतांच आलें नाहीं.

शोधयंत्राचें काम तीन टप्प्यांचें आहे. पहिल्या टप्प्यांत त्याचा ‘क्रॉलर’ नांवाचा संचारी कार्यक्रम एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात पानें गोळा करतो. दुसऱ्यांत त्या पानांची सूची होते. जाड्या ग्रंथाच्या शेवटीं शब्दसूची असते व प्रत्येक शब्दापुढें पृष्ठांक असतात, तशीच ही. फक्त येथें ग्रंथ म्हणजे सारें जाळें. तिसऱ्या टप्प्यांत, कोणी प्रश्न विचारला असतां सूचींतून निघालेल्या पानांचा क्रम लावला जातो. प्रश्न आल्यावर यंत्र जगभर धांवत सुटतें अशी जी सामान्य समजूत आहे ती बरोबर नाहीं. तें आधींच करून ठेविलेली सूची पाहतें. हीं तिन्ही कामें एकत्र करणारें पहिलें यंत्र ‘जंपस्टेशन’ हें डिसेंबर १९९३ मध्यें स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठांत जॉनथन फ्लेचर यांनीं सुरू केलें. त्यांच्यापाशीं साधनें इतकीं थोडीं होतीं कीं, पानांतील सगळा मजकूर सांठविणें शक्य नव्हतें. म्हणून तें यंत्र केवळ शीर्षकें व मथळे यांचीच नोंद ठेवी. एप्रिल १९९४ मध्यें अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठांत ब्रायन पिंकर्टन यांचें ‘वेबक्रॉलर’ निघालें, व तें पानांतील प्रत्येक शब्दाची सूची करूं लागलें. पुढें यंत्रें कितीहि बलाढ्य झालीं तरी शीर्षकास व मथळ्यास जें मानाचें स्थान पहिल्या दिवशीं मिळालें तें अद्यापि गेलेलें नाहीं.

शब्द सूचींत आला. पण कोणत्या शब्दास किती वजन द्यावें? ह्या प्रश्नाचें उत्तर असल्या जाळ्याचा जन्महि झाला नव्हता तेव्हां, १९७२ सालीं, केंब्रिज येथील विदुषी कॅरन स्पार्क जोन्स यांनीं दिलें होतें. जो शब्द जितक्या थोड्या लेखांत येतो तितका तो लेख ओळखण्याच्या कामीं अधिक उपयोगी, हें त्यांचें तत्त्व. एक हजार पानांचा संग्रह घेतला, तर ‘आहे’ हा शब्द हजारहि पानांत असेल; तेव्हां त्यावरून कोणतेंच पान निवडतां येत नाहीं. ‘आंबा’ हा शब्द शंभर पानांत, ‘हापूस’ दहांत व ‘आढी’ हा एकाच पानांत आहे असें धरूं. एकूण पानांच्या संख्येस तो शब्द असलेल्या पानांच्या संख्येनें भागून, १० हा पाया धरून, भागाकाराचा लॉगरिथम घेतला कीं चार शब्दांचीं वजनें अनुक्रमें ०, १, २ व ३ अशीं येतात. ‘उत्तम’, ‘दर्जेदार’, ‘सर्वोत्कृष्ट’ असे शब्द मुठी भरभरून पेरणाऱ्यांचा तोटा कोठें होतो तें येथें दिसतें. असले शब्द सर्वांच्याच पानांत असतात, आणि म्हणून त्यांचें वजन शून्याच्या जवळपास राहतें. ‘भाताच्या पेंढ्याची आढी’ हे शब्द मात्र ज्यानें तें काम हातानें केलें आहे त्याच्याच पानांत बहुधा येणार.

शब्द किती वेळां यावा, हा दुसरा प्रश्न. आणि पुष्कळांचा घोटाळा होतो तो येथेंच. एकदां आल्यानें जर गुण मिळतो तर शंभरदां आल्यानें शंभरपट मिळेल, असा त्रैराशिकाचा हिशेब सहज मनांत येतो. पण लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटींतील स्टीफन रॉबर्टसन व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ च्या सुमारास बसविलेलें ‘बीएम २५’ या नांवाचें सूत्र त्रैराशिकानें चालत नाहीं. त्यांत शब्दाची संख्या एका स्थिरांकाशीं अशी जोडलेली आहे कीं, गुणांची वाढ दर पायरीस मंदावत जाते. हा स्थिरांक पुष्कळदां १.२ घेतात. पान सरासरी लांबीचें धरलें, तर शब्द एकदां आल्यास गुण १. दोनदां आल्यास २ नव्हे, तर सुमारें १.३८, दहादां आल्यास १.९६, आणि शंभरदां आल्यास २.१७. हजारदां लिहिला तरी २.२ ची मर्यादा ओलांडतां येत नाहीं. म्हणजे पहिल्या दोन-तीन उच्चारांनीं जें साधावयाचें तें बहुतेक साधतें. पुढची सारी पुनरुक्ति वाचकाच्या डोक्यास ताप. शिवाय ह्याच सूत्रांत लांबट पानाचे गुण कांहींसे कमी करण्याचीहि योजना आहे. त्यामुळें पान उगाच फुगवून लाभ नाहीं. गूगलचें आजचें सूत्र गुप्त आहे व तें ह्याहून फार गुंतागुंतीचें आहे. तरी एकाच शब्दाचा भडिमार करणें तें आपल्या नियमांविरुद्ध मानतें. असें असतां, ‘मुख्य शब्द मजकुरांत शेंकडा अमुक प्रमाणांत आलाच पाहिजे’ असें सांगून पैसे घेणारे सल्लागार भेटतात. अशा प्रमाणास कांहीं आधार नाहीं.

ह्या भडिमाराचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९९५ च्या पुढील कांहीं वर्षांत पानाच्या मालकास एक सवलत होती. वाचकाच्या दृष्टीस न पडणाऱ्या भागांत ‘कीवर्ड्‌स’ नांवाची एक यादी देतां येई आणि यंत्रें तिच्यावर विश्वास ठेवीत. विश्वासाचें जें व्हावयाचें तें झालें. पानांत ज्या गोष्टीचा मागमूस नाहीं तिचें नांव त्या यादींत घालण्याची चाल पडली. पांढऱ्या भूमीवर पांढऱ्याच अक्षरांत शब्द लिहून ठेवण्याची युक्तीहि निघाली. माणसाला कोरा कागद दिसे व यंत्राला शब्दांची रास. अखेर सप्टेंबर २००९ मध्यें गूगलनें जाहीर केलें कीं, पानांचा क्रम लावतांना ती यादी मुळींच विचारांत घेतली जात नाहीं. तेव्हां ती भरण्यांत कोणी आज वेळ घालवील तर तो फुकट जावयाचा.

लबाडीची शिक्षा मोठ्यांनाहि चुकली नाहीं. फेब्रुवारी २००६ मध्यें बीएमडब्ल्यू या प्रसिद्ध मोटार-कंपनीचें जर्मन संकेतस्थळ गूगलनें आपल्या सूचींतून काढून टाकलें. केवळ शोधयंत्रास दाखविण्यासाठीं, ‘जुन्या मोटारी’ या अर्थाच्या जर्मन शब्दानें गच्च भरलेलीं पानें तेथें ठेविलीं होतीं; माणूस त्या पानावर गेला कीं त्यास आपोआप दुसऱ्याच पानावर नेण्यांत येई. तीं पानें काढून टाकल्यावर थोड्याच दिवसांत संकेतस्थळ पुन्हां सूचींत आलें. एवढ्या मोठ्या कंपनीस थोडे दिवस कांहींच नव्हेत. पण देवगडच्या बागायतदारावर ऐन वैशाखांत असा प्रसंग आला, तर त्याच्या हंगामाचे भराचे दिवस त्यांतच जातील.

आतां त्याच्या पानाच्या दुरुस्तीकडे वळावें. पहिली दुरुस्ती शीर्षकाची. ‘मुख्यपृष्ठ’ हें शीर्षक सगळ्या जगाच्या संकेतस्थळांस लागूं पडतें, म्हणून तें कोणाचीच ओळख देत नाहीं. त्याऐवजीं ‘देवगड हापूस आंबा : बागेतून थेट घरपोच’ असें लिहिल्यास गांव, जात, फळ व व्यवहार या चारहि गोष्टी एका ओळींत येतात. महत्त्वाचे शब्द आधीं ठेवावे. कारण यादींत शीर्षकाला जागा बेताची असते व लांब शीर्षकाची शेपटी छाटली जाते. प्रत्येक पानाचें शीर्षक निराळें पाहिजे. मालकानें दिलेलें शीर्षक निरुपयोगी वाटलें, तर गूगल पानावरील मथळ्यांवरून दुसरेंच शीर्षक रचून दाखवितें. आपल्या दुकानाची पाटी शेजाऱ्यानें रंगवावी असा तो प्रकार होय. शीर्षकाबरोबर दोन ओळींचें वर्णनहि देतां येतें. ह्या वर्णनानें पानाचा क्रम वर चढत नाहीं. पण समोरच्या दहा दुव्यांतून वाचक कोणता निवडील हें कित्येकदां त्या दोन ओळींवर ठरतें. पेटींत किती डझन, फळ कशानें पिकविलेलें, कोणत्या शहरीं पोंचवितात, एवढें त्यांत आलें म्हणजे पुरे. ब्रीदवाक्याची तेथें गरज नाहीं.

मथळ्यांविषयीं एक चूक फार आढळते. अक्षर मोठें व ठळक केलें कीं मथळा झाला असें पान सजविणाऱ्यास वाटतें. परंतु एचटीएमएल या पानलेखनाच्या भाषेंत मथळ्यासाठीं स्वतंत्र खुणा आहेत, मुख्य मथळ्यास पहिल्या प्रतीची, पोटमथळ्यास दुसऱ्या, तिसऱ्या प्रतीची. ती खूण केली तरच यंत्रास तो मथळा आहे असें निश्चित कळतें. नुसत्या आकारानें माणूस ओळखतो. दुव्यांचेंहि असेंच आहे. ‘येथे क्लिक करा’ असा दुवा दिला म्हणजे पलीकडील पानांत काय आहे हें ना माणसास कळत, ना यंत्रास. ‘हापूस आढीत कसा घालावा’ हेच शब्द दुवा म्हणून दिले असतां ते त्या पलीकडील पानाची साक्ष देतात. चित्रांसाठीं पर्यायी मजकूर लिहिण्याची सोय असते. तेथें ‘चित्र १’ असें न लिहितां ‘पेंढ्यावर मांडलेले हापूस आंबे’ असें लिहावें. ही सोय मुळांत अंध वाचकांसाठीं आहे. त्यांचें यंत्र तो मजकूर मोठ्यानें वाचून दाखवितें, आणि शोधयंत्रहि त्याचाच आधार घेतें. भावपत्रक मात्र चित्रांत ठेवूंच नये. तें साध्या अक्षरांत पानावर लिहावें.

मराठी पानांच्या कांहीं अडचणी आणखी वेगळ्या आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यापुढेंहि कांहीं वर्षें संगणकावरील मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी टंकांत लिहिला जाई. पडद्यावर ‘क’ दिसे; पण संगणकाच्या पोटांत तेथें रोमन लिपींतील कोणतें तरी चिन्ह सांठविलेलें असे. माणसाला तें पान मराठी, यंत्राला मात्र तो निरर्थक चिन्हांचा ढिगारा. युनिकोड या सार्वत्रिक पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला (‘क’ चा क्रमांक २३२५), आणि ही अडचण बव्हंशीं दूर झाली. जुन्या टंकांत राहून गेलेला मजकूर मात्र रूपांतर केल्यावांचून सांपडण्याजोगा होत नाहीं. युनिकोडमध्येंहि एक मराठी खोडी उरलीच आहे. ‘दुसऱ्या’, ‘खोऱ्यांत’, ‘गिऱ्हाईक’ या शब्दांतील अर्धा र दोन तऱ्हांनीं लिहितां येतो. एक ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णानें, दुसरा साधा र, हलंत व एक अदृश्य जोडचिन्ह यांनीं. डोळ्यांना दोन्ही एकच. पण केवळ क्रमांकांची जुळणी पाहणाऱ्या यंत्रास ते दोन निराळे शब्द. कोणती तरी एकच तऱ्हा सर्व पानांत पाळावी हें बरें.

शुद्धलेखनाचीहि गोष्ट विचारांत घेण्यासारखी आहे. महाराष्ट्रांत १९६२ सालीं आलेल्या नव्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यामुळें आजचें गिऱ्हाईक ‘घरीं’ किंवा ‘घरपोंच’ असें लिहिणार नाहीं. ज्यास जुनें लेखन प्रिय असेल त्यानें तें आपल्या लेखांत खुशाल ठेवावें. विक्रीच्या पानावर मात्र विचारणारा जसें लिहितो तसेंच लिहावें. मुंबईच्या अमराठी गिऱ्हाइकासाठीं ‘अल्फान्सो’ हें नांवहि एकदां असूं द्यावें. विभक्तींची चिंता पूर्वी असे तितकी आतां नाहीं. वाक्यांतील शब्दांचा परस्परसंबंध पाहून अर्थ लावणारी ‘बर्ट’ नांवाची पद्धति गूगलनें ऑक्टोबर २०१९ मध्यें इंग्रजीस व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सत्तराहून अधिक भाषांस लागूं केली. त्यांत मराठीहि आहे. म्हणून ‘आंबा’ हा शब्द प्रथमेंतच ठेवण्यासाठीं वाक्य मोडूं नये. ‘हापूस आंबा खरेदी देवगड आंबा स्वस्त’ असली बिनक्रियापदाची शब्दमाळ लिहिण्यापेक्षां सरळ वाक्य केव्हांहि बरें.

बाकीच्या तांत्रिक गोष्टी थोड्यांत सांगतां येतील. गूगल हल्लीं पानाचें मोबाइलवर दिसणारें रूप वाचून सूची करतें. तेव्हां तेथें मजकूर गाळूं नये. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आंत दिसावा अशी त्याची अपेक्षा आहे, आणि ती बहुधा भारी चित्रांमुळें फसते. पत्ता ‘एचटीटीपीएस’ ह्या सुरक्षित पद्धतीचा असावा. ऑगस्ट २०१४ पासून त्यास थोडें वजन आहे.

एवढें करूनहि पानांत सांगण्यासारखें कांहीं नसेल तर सारें व्यर्थ. पुण्याच्या त्या गृहिणीचा प्रश्न येथें पुन्हां घेतला पाहिजे. तिला आंबा विकत घ्यावयाचा नाहीं. घेतलेला पिकवावयाचा आहे. आढी कोठें लावावी, पेंढा कोरडा कां हवा, फळें किती थरांत मांडावीं, नासकें फळ रोज कां वेगळें काढावें, पिकल्याचें वासावरून कसें ओळखावें, हें बागायतदाराच्या घरांतील सर्वांस ठाऊक असतें. इतकें ठाऊक कीं, तें लिहिण्याजोगें आहे असें कोणास वाटत नाहीं. नेमकें तेंच पान लिहावयास हवें. तें वाचून समाधान पावलेली गृहिणी पुढच्या वर्षीं पेटीहि तेथूनच मागविण्याचा संभव आहे. शिवाय अशा पानास दुसरे लोक आपल्या पानांतून दुवा देतात, आणि ती साक्ष विकत न घेतां मिळालेली असते. एका पानानें दुसऱ्यास दिलेला दुवा म्हणजे एक प्रकारचें मत, ह्या कल्पनेवर लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत असतांना गूगलची उभारणी केली व १९९८ मध्यें ती प्रसिद्ध केली. हीं मतें पानाच्या मालकास घरीं बसून तयार करतां येत नाहींत. पान मत देण्याजोगें करणें एवढेंच त्याच्या हातीं आहे.

ऑगस्ट २०२४ पासून भारतांतहि गूगल कांहीं प्रश्नांस कृत्रिम बुद्धीनें तयार केलेलें उत्तर यादीच्या वर देऊं लागलें आहे. वाचकास तेथेंच उत्तर मिळालें तर तो मूळ पानावर येईलच असें नाहीं, हें लहान उत्पादकाच्या दृष्टीनें काळजीचें आहे. मात्र अशा उत्तरांतहि आधारासाठीं पानांचे दुवे दिलेले असतात, आणि त्यांत येण्यासाठीं निराळ्या खुणा लागत नाहींत. पान सूचींत असलें पाहिजे व त्यांतील मजकूर वाचतां आला पाहिजे.

दुरुस्ती केली कीं दुसऱ्या दिवशीं पान वर येतें असें मात्र नाहीं. यंत्रानें तें पान पुन्हां वाचावें लागतें. गूगलच्याच मार्गदर्शिकेप्रमाणें कांहीं बदलांचा परिणाम तासांत दिसतो, तर कांहींस कित्येक महिने लागतात. कोणत्या प्रश्नांवर आपलें पान दाखविलें गेलें, कितव्या क्रमांकावर, आणि किती जणांनीं तें उघडलें, हें गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य सोयींत मालकास पाहतां येतें. लोकांचे खरे शब्द कोणते हें त्याच यादींतून कळतें, व त्याप्रमाणें शीर्षक पुन्हां सुधारतां येतें. हापुसाची मुख्य विक्री चैत्र-वैशाखांतली. तेव्हां बागायतदारानें शीर्षकें, मथळे, भावपत्रक व आढीचें पान हें काम कलमांस मोहोर येण्याच्या सुमारास, मार्गशीर्ष-पौषांतच, उरकून घ्यावें.